लाच न देता कारखाना चालवायचा असेल तर: लघुउद्योजकासाठी कामाची पद्धत

दहा कोटींची उलाढाल आणि ६ टक्के निव्वळ नफा असलेल्या कारखान्याने १ लाखाची लाच दिली, तर तो लाख भरून काढायला सुमारे १६ लाख ६७ हजारांचा माल जादा विकावा लागतो. बरेच मालक इथवरचा हिशेब मनातल्या मनात करतात आणि म्हणतात, ठीक आहे, काम अडलं असतं तर याहून जास्त गेलं असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. कंपनीचा पैसा बँकेत असतो आणि लाच रोखीत मागितली जाते. ती रोकड आणायची कुठून? सहसा दोनच वाटा असतात. माल न घेता नुसतं बिल घ्यायचं, चेक द्यायचा आणि कमिशन कापून रोख परत घ्यायची. नाहीतर भंगार बिलाशिवाय विकायचं. पहिल्या वाटेने गेलात, की बिल देणारा जीएसटीच्या तपासात सापडेल त्या दिवशी त्याच्या यादीत तुमचा जीएसटी क्रमांक निघतो. मग त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, व्याज-दंडासह परत आणि वर फौजदारीची टांगती तलवार. दुसऱ्या वाटेने गेलात, तर स्टोअरकीपर, काट्यावरचा माणूस आणि भंगारवाला या तिघांना कळतं की मालकच बिलाबाहेर माल काढतो. त्यानंतर तेही काढतात आणि तुम्हाला तोंड उघडता येत नाही.

लाच बाहेर जाते, पण तिच्यासाठी भोक आपल्याच घरात पाडावं लागतं. त्यामुळे खाली सरकारी कार्यालयाइतकाच भर स्वतःच्या स्टोअरवर आणि खरेदी विभागावर दिला आहे.

‘पैसे दिले की काम लवकर होतं’ या समजुतीबद्दल एवढंच. १९६४ साली सरकारने भ्रष्टाचार रोखण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने अहवाल दिला, तेव्हाच तिने नोंदवलं होतं की ‘स्पीड मनी’मुळे दिरंगाई कमी होत नाही, उलट वाढते, कारण पैसे येईपर्यंत फाइल थांबवून ठेवण्यात फायदा दिसू लागतो. युगांडातल्या कंपन्यांवर रे फिसमन आणि याकोब स्वेन्सन यांनी केलेल्या अभ्यासात लाचेचं प्रमाण १ टक्का-बिंदूने वाढलं, तर कंपनीची वाढ ३ टक्के-बिंदूंनी घटलेली दिसली. तेवढ्याच कराच्या परिणामापेक्षा हा फटका सुमारे तिप्पट.

आधी कायदा

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा, पण २६ जुलै २०१८ पासून त्यात मोठा बदल झाला. लाच देणाराही आता थेट गुन्हेगार आहे: कलम ८ खाली ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सुटका दोन परिस्थितींत. एक, तुमच्यावर बळजबरी झाली आणि दिल्यापासून ७ दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलंत. दोन, आधी कळवून, त्यांच्या कारवाईला मदत म्हणून पैसे दिलेत. आठव्या दिवशी आठवण झाली तर हे संरक्षण हातचं गेलं.

कलम ९ खाली कंपनीला दंड होतो आणि संचालकाच्या संमतीने किंवा डोळेझाकीने झालं असेल तर कलम १० खाली त्याला ३ ते ७ वर्षं. कंपनीचा बचाव एकच: लाच रोखण्यासाठी आमच्याकडे पुरेशी व्यवस्था होती. चाळीस माणसांच्या वर्कशॉपला त्यासाठी आयएसओ ३७००१ (लाच रोखण्याच्या व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक) चं प्रमाणपत्र घ्यायची गरज नाही, असं आमचं मत. दोन पानांचं मराठी धोरण, त्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याची, सीएची, सल्लागाराची आणि ट्रान्सपोर्टरची सही आणि ते पाळल्याच्या नोंदी, एवढं आधी करा.

कायद्यात शब्द आहे ‘गैरवाजवी फायदा’. त्यामुळे पाकिटाऐवजी भाच्याला नोकरी, मंडळाची वर्गणी, विमानाचं तिकीट हे सगळं त्यात येतं. काम कायदेशीरच होतं आणि फक्त लवकर व्हावं म्हणून दिले, हीसुद्धा लाचच. रकमेची कुठलीही खालची मर्यादा नाही. आणि आयकरात हा खर्च वजावट म्हणून चालत नाही, मग तो ‘कार्यालयीन किरकोळ’ खात्यात दाखवा की ‘लायझनिंग’मध्ये.

तारखांचा तक्ता

मागणी बहुतेक वेळा दोन जागी येते: जिथे मुदत डोक्यावर आली आहे तिथे आणि जिथे आपला कागद अपुरा आहे तिथे. पहिली जागा पूर्णपणे आपल्या हातात असते. ऑफिसच्या भिंतीवर वर्षाचा तक्ता लावा. संगणकातला कुणी उघडत नाही.

त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची शेवटची तारीख लिहा आणि तिच्या १२० दिवस आधीची तारीख लाल रंगात. अर्ज त्या लाल तारखेला जायला हवा. घातक कचऱ्याचा वार्षिक फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. आगप्रतिबंधक यंत्रणेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत. इलेक्ट्रॉनिक काटे आणि वे-ब्रिज यांचं वैधमापन शास्त्राचं स्टँपिंग दरवर्षी. क्रेन, साखळ्या, लिफ्ट, एअर रिसीव्हर यांची सक्षम व्यक्तीकडून तपासणी. पीएफ आणि ईएसआय दर महिन्याच्या १५ तारखेला. कारखाना परवाना, कंत्राटी कामगारांचे परवाने, कॅलिब्रेशन, विमा हे सगळं त्याच तक्त्यावर. प्रत्येक नोंदीपुढे एका माणसाचं नाव हवं, खात्याचं नव्हे.

‘ब’ प्रमाणपत्र पैसे टाकून घरबसल्या मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते घेऊ नका. एजन्सीचा माणूस आला, की त्याच्यासमोर हायड्रंट पंप चालू करा, सर्वांत लांबच्या व्हॉल्व्हवर दाब मोजा आणि रीडिंगचा तारखेसह फोटो घ्या. आगीनंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर कागदाबरोबर पंपही बघतो.

परवानगीचा अर्ज

अर्ज परत येण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत. भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला आणि ताळेबंद यांतले आकडे जुळत नाहीत, त्यामुळे शुल्क कमी भरलेलं असतं. मंजूर नकाशात नसलेली शेड प्रत्यक्षात उभी असते. उत्पादनाची क्षमता एका कागदावर टनांत आणि दुसऱ्यावर नगांत असते. पाण्याचा ताळेबंद बेरजेला चुकतो. भाडेकरार नोंदवलेला नसतो. यांतल्या प्रत्येक त्रुटीवर कुणीतरी ‘मी बघतो’ म्हणायला बसलेलाच असतो. अर्ज सोडण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने, ज्याने तो भरलेला नाही त्याने, सगळे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. अर्धा दिवस लागतो.

अर्ज ऑनलाइन असेल तर पोचपावती, प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट आणि आलेली शंका जपून ठेवा. शंकेला त्याच दिवशी उत्तर द्या, तेही पोर्टलवरच. फोनवर ‘सांगितलं आहे’ याला काही अर्थ नाही. जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५(७) नुसार परिपूर्ण अर्ज केल्यापासून चार महिन्यांत संमती दिली वा नाकारली गेली नाही, तर ती मिळाली असं मानलं जातं. इथे वजन ‘परिपूर्ण’ या शब्दावर आहे. उत्तर न दिलेली एक शंका शिल्लक असेल तर हे कलम उपयोगाचं नाही. अर्ज परिपूर्ण असेल तर चार महिने संपल्यावर तसं पत्र द्या आणि आवक शिक्का घ्या.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ हे दुसरं हत्यार, आणि उद्योजक ते फार कमी वापरतात. तुमची सेवा अधिसूचित यादीत आहे का, तिची मुदत किती आणि पदनिर्देशित अधिकारी कोण, हे आधी पाहा. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरं अपील, तिसरं थेट आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. रक्कम किरकोळ वाटते. पण अपिलाची नोटीस आली की फाइल का थांबली याचं लेखी कारण द्यावं लागतं आणि बिनकारण थांबवलेल्या फाइलला लेखी कारण सापडत नाही. सोबत माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज कंपनीच्या नावाने करू नका. हक्क नागरिकाचा आहे, म्हणून व्यक्तीच्या नावाने.

एजंट

सल्लागार लागतातच. ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) डिझाइन, नकाशे, जीएसटीची अपिलं ही जाणकारांची कामं आहेत. घात होतो तो ‘सगळं मिळून इतके’ या कोटेशनमध्ये. जगातली बडी कंपनीही यात अडकली. हिमाचलमधल्या बद्दीच्या कारखान्याचे परवाने मिळवायला कॅडबरी इंडियाने २०१० साली एक एजंट नेमला. त्याच्या बिलांवर परवान्यांचे अर्ज तयार केल्याचं लिहिलेलं होतं, पण ते अर्ज कंपनीच्याच लोकांनी तयार केले होते. पैसे खात्यात आले की त्यातले बहुतेक तो रोखीत काढून घेत असे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने हे आरोप ठेवले आणि जानेवारी २०१७ मध्ये कॅडबरीची मालक झालेल्या माँडेलिझने, आरोप मान्य वा अमान्य न करता, १.३ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. लाच कुणा अधिकाऱ्यापर्यंत पोचली का हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला नाही; एजंटाची चौकशी न करता त्याला नेमलं आणि हिशेबाच्या वह्या खोट्या झाल्या, एवढं पुरलं.

म्हणून सल्लागाराच्या करारात कामं सुटी लिहा: अर्ज भरणं, नकाशा, सुनावणीला हजर राहणं, प्रत्येकाचा वेगळा दर. सरकारी शुल्क कंपनीच्या खात्यातून थेट चलनाने भरा, त्याच्या हातात देऊ नका. परवाना मिळाल्यावरच द्यायचं ‘यश-शुल्क’ ठेवू नका, त्यातूनच पाकीट तयार होतं. सगळी देणी बँकेतून, टीडीएस कापून. ‘वरचा खर्च’ असा शब्द निघाला की तिथेच थांबवा; भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७अ खाली असा मध्यस्थही गुन्हेगार ठरतो. परदेशी ग्राहकाला माल देत असाल तर त्याचं ऑडिट याच बिलांपासून सुरू होतं.

तपासणीला माणूस आला तर

गेटवर स्वतंत्र नोंदवही ठेवा: नाव, पद, ओळखपत्र क्रमांक, तपासणी आदेशाचा क्रमांक, आत आल्याची आणि गेल्याची वेळ. आदर राखून विचारा, चहा पाजा, पण नोंद झाल्याशिवाय आत नेऊ नका. बोलायला एक ठरलेला माणूस आणि शेजारी दुसरा. एकांतात कुणी भेटायचं नाही, मालकाने तर नाहीच. महाराष्ट्रात कामगार, औद्योगिक सुरक्षा, बाष्पके आणि प्रदूषण मंडळ यांच्या नियमित तपासण्या केंद्रीय प्रणालीतून यादृच्छिक निवडीने होतात आणि अहवाल ४८ तासांत वर चढवायचा असतो. त्या प्रणालीत आदेश दिसत नसेल, तर तक्रारीवरून आलेली तपासणी आहे का आणि तिचा आदेश कुणी दिला, हे विचारण्यात काही गैर नाही.

सांडपाण्याचा नमुना घेताना एक गोष्ट हमखास राहून जाते. जल कायद्याच्या कलम २१ नुसार नमुना तुमच्यासमोर घ्यायचा, आणि तुम्ही मागणी केलीत तर त्याचे दोन भाग करून, दोन्ही सीलबंद करून, सह्या घेऊन ठेवायचे. दुसरा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी तिथल्या तिथे आणि लेखी करायची असते. केली नाही तर नंतर ‘रिपोर्ट खराब आला आहे, काय करू या’ असा फोन आल्यावर तुमच्याकडे ताडून पाहायला काही उरत नाही. त्याच वेळी स्वतःच्या मीटरवर पीएच घ्या, फ्लो मीटरचं रीडिंग लिहा आणि त्याच दिवशी स्वतःचा एक नमुना मान्यताप्राप्त लॅबला पाठवा.

त्रुटी निघाल्या तर अहवालाची प्रत मागा. ७ दिवसांत फोटोंसह लेखी उत्तर द्या: काय दुरुस्त केलं, काय राहिलं, कधी होईल. खरी त्रुटी नाकारू नका. सर्वांत महाग पडते ती पैसे देऊन झाकलेली त्रुटी. गार्ड नसलेला प्रेस पुढच्या वर्षीही तसाच असतो, पुढचा निरीक्षक त्याचेच पैसे घेतो आणि मध्ये एखाद्याची बोटं जातात. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या कपड्यांच्या कारखान्यांच्या इमारतीचे वरचे मजले नियम डावलून चढवलेले होते; २४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळून १,१३४ माणसं गेली.

रस्त्यावर गाडी अडवली तर

इथे घाई असते, ड्रायव्हर एकटा असतो आणि ग्राहकाची लाइन थांबलेली असते. म्हणून सगळं आधीच ड्रायव्हरच्या हातात हवं. एका पाकिटात बिलाची प्रत (५ कोटींवर उलाढाल असेल तर क्यूआर असलेलं ई-इनव्हॉइस), ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद), बिल्टी. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल जात असेल तर जॉबवर्कचं चलन. हेच चलन सर्वांत जास्त वेळा नसतं, कारण ‘शेजारच्या गल्लीत तर जातंय’. महाराष्ट्रात राज्यांतर्गत ई-वे बिलाची मर्यादा १ लाख रुपये आहे, राज्याबाहेर ५० हजार. पण ई-वे बिल लागत नसलं तरी बिल किंवा चलन लागतंच. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला १ दिवस. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून नंतरच्या ८ तासांपर्यंत ती वाढवता येते.

आता मागणी कशी येते ते पाहा. ८ लाखांचा माल, १८ टक्के कर म्हणजे १ लाख ४४ हजार. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली मालाचा मालक पुढे आला तर दंड कराच्या २०० टक्के: २ लाख ८८ हजार. हा आकडा ऐकवून मग म्हटलं जातं, ‘पन्नासमध्ये मिटवू’. पण चूक वाहन क्रमांकातल्या एका अक्षराची, पिनकोडची, नावाच्या स्पेलिंगची किंवा बिल क्रमांकातल्या एक-दोन आकड्यांची असेल, तर १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे (क्रमांक ६४/३८/२०१८) कलम १२९ लावायचंच नाही. केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० मिळून १,००० रुपये दंड. या परिपत्रकाची छापील प्रत ड्रायव्हरच्या पाकिटात ठेवा. त्याने वाद घालायचा नाही, कागद पुढे करायचा.

क्रम असा. ड्रायव्हरने ऑफिसला फोन करायचा. ऑफिसने अधिकाऱ्याचं नाव, पद आणि जागा विचारून घ्यायची. गाडी ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबवली, तर ट्रान्सपोर्टरला ई-वे बिल पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ हा अर्ज भरता येतो. बहुतेक ट्रान्सपोर्टरना तो माहीतच नाही. वर्षातून एकदा त्यांना बसवून दाखवा. अधिकाऱ्याला मालाची प्रत्यक्ष तपासणी करायची असेल तर एमओव्ही-०२ या नमुन्यातला आदेश मागा. माल अडकवला तर एमओव्ही-०६ (अडकवल्याचा आदेश) आणि ०७ (नोटीस). अडकवल्यापासून ७ दिवसांत नोटीस आणि नोटिशीपासून ७ दिवसांत आदेश व्हायला हवा. खरीच चूक असेल तर दंड पोर्टलवरून भरा किंवा बँक गॅरंटी देऊन एमओव्ही-०५ या सुटकेच्या आदेशावर माल सोडवा आणि पटत नसेल तर ३ महिन्यांत अपील करा. ड्रायव्हरला ‘वाटखर्चा’त वेगळी रोकड देऊन ठेवण्याची पद्धत बंद करा, ती रोकड असते तोवर ती मागितली जाणारच.

घरातलं भोक: खरेदी आणि भंगार

खरेदीतला कट ओळखायला तीन कोटेशनची सक्ती पुरत नाही, कारण तिन्ही एकाच माणसाने आणलेली असतात. तिन्ही पुरवठादारांचे जीएसटी क्रमांक पोर्टलवर पाहा, पत्ते आणि फोन ताडा, एकच स्पेलिंग तिन्हीकडे चुकलं आहे का बघा. ऑर्डर देणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. छोट्या शॉपमध्ये तिसरा माणूस म्हणजे मालक स्वतः. स्टीलच्या प्रत्येक हीट नंबरमागे (एका भट्टीतून ओतलेल्या लॉटचा क्रमांक) एक तुकडा मान्यताप्राप्त लॅबमध्ये स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या चाचणीला द्या. ईएन १९ या प्रतीच्या स्टीलमध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं असतं, ईएन ८ मध्ये नसतं. टेस्ट सर्टिफिकेट काहीही म्हणो, स्पेक्ट्रोत ते लगेच कळतं. कार्बाइड इन्सर्ट (कापायच्या हत्याराचं बदलायचं टोक) जुना परत घेतल्याशिवाय नवा देऊ नका.

भंगाराचा हिशेब मात्र सविस्तर करा, कारण रोकड इथूनच निघते. समजा ४० मिमी व्यासाचा ३ मीटरचा बार आहे. व्यासाचा वर्ग गुणिले ०.००६१७ केलं की दर मीटरचं वजन मिळतं: ९.८७ किलो. म्हणजे बार २९.६ किलो. १८७.५ मिमीचे, १.८५ किलोचे १५ तुकडे निघतात. करवतीला दर कापाला ३ मिमी. उरतो साधारण १४२ मिमीचा, १.४ किलोचा शेवटचा तुकडा. तयार नग १.२४ किलोचा असेल तर टर्निंगमध्ये, म्हणजे लेथवर निघणाऱ्या कात्रणांत, नगामागे ०.६१ किलो जातं. महिन्याला २०,००० नग म्हणजे १२,२०० किलो टर्निंग, १,३३४ बारांचे मिळून सुमारे १,८७० किलो भरीव तुकडे आणि करवतीचा चुरा ५९० किलोच्या आसपास. काट्याच्या पावत्या याच्याशी ताडा. रिजेक्ट नगांचं वजन वेगळं धरा. भरीव तुकड्यांना टर्निंगपेक्षा जास्त दर मिळतो, म्हणून गायब होतात ते तेच, किंवा टर्निंगच्या ढिगाखाली घालून टर्निंगच्या दराने जातात. म्हणून त्यांचा ड्रम वेगळा, कुलपात.

टर्निंग ओलं असतं आणि भंगारवाला ‘कूलंटचं वजन’ म्हणून कापतो. उतरत्या ट्रेवर २४ तास निथळू द्या. मग ५० किलो नमुना सुकवून पुन्हा तोला आणि आलेली टक्केवारी करारात लिहा. गाडीचं रिकामं वजन घेताना ड्रायव्हर खाली, ताडपत्री उघडी, टूलबॉक्स उघडा. रिकाम्या वजनाला दगड किंवा पाण्याचा कॅन आत ठेवायचा आणि भरताना काढायचा ही जुनी चाल आहे. महिन्यातून एक गाडी दुसऱ्या वे-ब्रिजवर तोला. भंगाराचा दर तीन महिन्यांनी बंद पाकिटातून ठरवा आणि पैसे फक्त बँकेतून घ्या.

काही एमआयडीसींमध्ये भंगार, कंत्राटी कामगार किंवा वाहतूक ‘आमच्याच माणसाला’ द्या, असा स्थानिक दबाव येतो. ही लाच नव्हे, खंडणी आहे, आणि तिची वाट वेगळी: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली पोलिसांत फिर्याद, तीही शक्यतो असोसिएशनच्या पत्रासह, एकट्याने नको.

विकताना मागितलं तर

मोठ्या खासगी कंपनीच्या बायरने टक्का मागितला तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मात्र कंपनी कायद्याच्या कलम १७७(९) प्रमाणे तक्रारीची दक्षता यंत्रणा ठेवावीच लागते. तिथे ऑर्डर क्रमांक, तारीख आणि मागणीचे शब्द लिहून कळवा. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमात मुख्य दक्षता अधिकारी असतो आणि मोठ्या निविदांना सचोटी करार (लाच देणार-घेणार नाही असा लेखी करार) जोडलेला असतो.

बिल काढायला पैसे मागणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार. त्यावर उपाय आधी करून ठेवायचा: उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) माल देण्यापूर्वीची हवी, तिचा क्रमांक बिलावर छापलेला हवा आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची प्रत हवी. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे देणं थकवता येत नाही. थकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. अर्ज केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करायचा. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. अर्ज करण्यापूर्वी या व्याजाचा तक्ता जोडून वित्त विभागाच्या प्रमुखाला एक पत्र पाठवा. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं मुदतीबाहेर थकलेलं देणं प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच आयकरात वजावटीला मिळतं, हे त्याला चांगलं माहीत असतं.

मागणी झालीच तर

तोंडी उत्तर ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच पाठ करायला लावा: ‘काय शुल्क असेल त्याचं चलन द्या, आणि त्रुटी असेल तर लेखी द्या.’ उपदेश नको, आवाज चढवणं नको, घासाघीस तर मुळीच नको. ‘किती द्यावे लागतील?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून निघाला तर पुढे तोच तुमच्याविरुद्ध वाजवला जातो. बाहेर आल्यावर लगेच लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन तसाच ठेवा. क्लिप कापू नका, व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मूळ साधनावरून द्यावं लागतं.

राज्य सरकारचा नोकर असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी त्यांची परिक्षेत्रं आहेत. केंद्राचा नोकर असेल, म्हणजे सीजीएसटी, पीएफ, रेल्वे, तर सीबीआयची लाचलुचपत शाखा. स्वतः जा आणि कारखान्यात कुणाला सांगू नका, अगदी अकाउंटंटलाही नाही.

तक्रार लेखी घेतली जाते. नंतर पडताळणी: पंच सोबत देऊन, रेकॉर्डर लावून तुम्हाला पुन्हा बोलायला पाठवतात. सर्वाधिक तक्रारी इथे ढिल्या पडतात. तक्रारदार घाबरून स्वतःच जास्त बोलतो आणि समोरचा नुसती मान हलवतो. तुम्ही फक्त कामाची चौकशी करायची आणि आकडा त्याला बोलू द्यायचा. मागणी रेकॉर्ड झाली की सापळा. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात, नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात. ती साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली चमकते. हस्तांदोलन करायचं नाही, नोटांना विनाकारण हात लावायचा नाही, त्याने मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत आणि न मागता टेबलावर ठेवायच्या नाहीत. ‘बाहेर त्याच्याकडे द्या’ असं म्हणून खासगी माणसाकडे पाठवलं तर ते वाक्य पंचाला ऐकू जाईल अशा बेताने पुन्हा विचारून घ्या. सापळ्यात दिलेली रक्कम सरकारकडून परत मिळते, पण लगेच नाही. तेवढे दिवस ती अडकेल असं धरून चाला.

खटला उभा राहायला काही वर्षं जातात. तक्रारीची आणि जबाबाची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, साक्षीच्या वेळी तीच कामाला येते. साक्षीदार फितूर झाला किंवा हयात राहिला नाही तरी मागणी आणि स्वीकार इतर पुराव्यांवरून सिद्ध करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

अडलेलं काम सापळ्याने आपोआप होत नाही. आठवड्याभरात त्याच कार्यालयाच्या नव्या किंवा प्रभारी अधिकाऱ्याला अर्ज क्रमांकासह स्मरणपत्र द्या, लाचलुचपत प्रतिबंधक विभागालाही त्याची प्रत द्या. तक्रारदाराच्या कायदेशीर कामाचा पाठपुरावा ते करतात. त्याच सुमाराला इतर खात्यांच्या तपासण्या वाढलेल्या जाणवतील. म्हणून तक्रारीला निघण्यापूर्वी भिंतीवरच्या तक्त्यातली एकही तारीख उलटलेली नाही ना, हे पाहून घ्या. उलटलेली असेल तर आधी तिचा अर्ज विलंब शुल्कासह भरून पोचपावती घ्या.